पोस्टग्रेसचा ओडीबीसी ड्रायव्हर : हळदीच्या दोन हंगामांनंतरचे परीक्षण

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे आडत दुकान आहे. सौद्याची नोंद, तोलाई, हमाली आणि शेतकऱ्याची पट्टी हा सगळा हिशेब आम्ही पोस्टग्रेस या मुक्त-स्रोत डेटाबेसमध्ये ठेवतो, आणि तो ज्या संगणकावर चालतो तो २०१९ च्या महापुरानंतर वरच्या मजल्यावर गेला तो तिथेच राहिला. खाली पेढीवर बसणाऱ्या दिवाणजींना मात्र एक्सेलखेरीज दुसरे काही चालत नाही. संध्याकाळी सौदे आटोपल्यावर दिवसभराची आवक आणि खरेदीदारांकडील येणे त्यांच्या पत्रकात आपोआप उतरले पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ती पुरी करण्यासाठी पीएसक्यूएलओडीबीसी हा ड्रायव्हर आम्ही गेले दोन हंगाम वापरत आहोत.

एक्सेलला पोस्टग्रेसची बोली समजत नाही आणि पोस्टग्रेसला एक्सेलची गरजच ठाऊक नसते. ओडीबीसी हा या दोघांमधला ठरलेला व्यवहार. तो मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणला. एक्सेल आपली मागणी विंडोजमधील ड्रायव्हर मॅनेजरकडे देते, मॅनेजर ती नेमक्या ड्रायव्हरकडे सोपवतो आणि ड्रायव्हर ती डेटाबेसच्या स्वतःच्या बोलीत, बहुधा ५४३२ या पोर्टवरून, पुढे पाठवतो. आडत्या जसा माल स्वतः पिकवत नाही आणि विकतही घेत नाही, तरी त्याच्यावाचून सौदा होत नाही, तसेच ड्रायव्हरचे आहे. जावामध्ये लिहिलेल्या कार्यक्रमांसाठी हेच काम १९९७ मध्ये आलेल्या जेडीबीसीचे ड्रायव्हर करतात, परंतु एक्सेलला त्यांचा उपयोग नाही. ‘पोस्टग्रेस ड्रायव्हर’ असा शोध घेणाऱ्याच्या हाती अनेकदा जावाची फाइल पडते आणि तिचे करायचे काय हेच त्याला कळत नाही, म्हणून हा फरक आधी ध्यानात घेतलेला बरा.

ड्रायव्हर मिळवणे अवघड नाही. तो पोस्टग्रेस प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. आम्ही मात्र पहिल्या वेळी घाई केली आणि शोधात वर आलेल्या एका तिऱ्हाईत संकेतस्थळावरून फाइल उतरवली. तिच्याबरोबर नको ते दोन कार्यक्रम संगणकात शिरले आणि ते काढण्यात अख्खी दुपार गेली. ड्रायव्हरच्या हाती डेटाबेसचा पासवर्ड जातो, तेव्हा तो ज्याचा डेटाबेस त्याच्याच दारातून घ्यावा.

खरी कसोटी बसवल्यानंतर लागते. ड्रायव्हर ३२ बिटचा आणि ६४ बिटचा असा दोन प्रकारांत येतो, आणि निवड विंडोज पाहून करायची नसून एक्सेल पाहून करायची असते. आमचे विंडोज ६४ बिटचे, परंतु दिवाणजींच्या संगणकावरील जुने ऑफिस ३२ बिटचे निघाले, त्यामुळे डेटा सोर्स, म्हणजे जोडणीच्या तपशिलांची नावानिशी नोंद, नीट तयार होऊनही एक्सेल ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ अशी तक्रार करत राहिले. त्यात भर म्हणून विंडोजमध्ये ओडीबीसीची जुळणी करणाऱ्या खिडक्याही दोन आहेत : ६४ बिटची ‘सिस्टिम३२’ या फोल्डरमध्ये आणि ३२ बिटची ‘सिसवॉव६४’ या फोल्डरमध्ये. नावे उलटी वाटतात ती वाचणाऱ्याची चूक नव्हे. विंडोजने जुन्या कार्यक्रमांच्या सोयीसाठी ती तशीच ठेवली आहेत. हा दोष ड्रायव्हरच्या माथी मारता येत नाही, तरी नवख्या माणसाचे निम्मे हाल येथेच होतात.

पुढचा प्रश्न मराठी वाचकांच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. एकदा बसवल्यावर यादीत दोन ड्रायव्हर दिसतात, एक ‘युनिकोड’ आणि दुसरा ‘एएनएसआय’. आम्ही आधी वर दिसला तो, म्हणजे एएनएसआय, निवडला. पोती, वजन आणि भाव बरोबर आले, पण शेतकऱ्याच्या आणि गावाच्या रकान्यांत प्रश्नचिन्हांची रांग उभी राहिली. ‘मालक, आकडे आलेत, पण पट्टी कुणाच्या नावानं फाडू?’ असे दिवाणजींनी शांतपणे विचारले. डेटाबेसमधील नावे शाबूत होती. एएनएसआय ड्रायव्हर ती विंडोजच्या जुन्या अक्षरसंचात बसवू पाहतो आणि त्या संचात देवनागरी नसेल तर अक्षरांच्या जागी चिन्हे उरतात. युनिकोड ड्रायव्हर निवडताच हरिपूर, कवठे महांकाळ, जत अशी सगळी गावे जागेवर आली. मराठीत नोंदी ठेवणाऱ्याने दुसऱ्या पर्यायाकडे पाहूही नये.

वेगाबद्दल माझे मत चांगले आहे, पण एका अटीवर. हा ड्रायव्हर मुळात मागणीचे सगळे उत्तर एकदम स्मृतीत घेतो. एका दिवसाचे सौदे मागवले तर काही जाणवत नाही, परंतु दिवाणजींनी एकदा सगळ्या वर्षांची पट्टी-नोंद एकत्र मागवली आणि त्यांचा संगणक गोठल्यासारखा झाला. जुळणीच्या खिडकीत ‘यूज डिक्लेअर / फेच’ नावाची एक खूण आहे. ती केली की ड्रायव्हर एका वेळी ठरावीक ओळी, सुरुवातीच्या नेमणुकीनुसार १००, आणत जातो. खूण केल्यापासून संगणक गोठलेला नाही. त्याहून मोठा उपाय अर्थातच हा, की बेरीज डेटाबेसमध्येच करून फक्त उत्तर मागवावे. आम्ही त्यासाठी दोन व्ह्यू, म्हणजे डेटाबेसमध्येच जपून ठेवलेल्या तयार मागण्या, तयार केले आणि दिवाणजींना मूळ कोष्टकांऐवजी तेवढेच दाखवले.

या खिडकीबद्दल मात्र तक्रार आहे. ‘बूल्स ॲज कॅर’, ‘टेक्स्ट ॲज लाँगव्हारकॅर’, ‘मॅक्स लाँगव्हारकॅर’ आणि त्यापुढे ८१९० हा आकडा, अशा पर्यायांची ती दाटी आहे. कोणता पर्याय कोणासाठी याचा खिडकीत मागमूस नाही. ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस कार्यक्रमातून कोष्टके जोडणाऱ्यांना यांतील काही पर्याय बदलावे लागतात, कारण होय-नाही या प्रकारच्या मूल्यांत ॲक्सेस ‘होय’ म्हणजे उणे एक मानते. केवळ एक्सेल वापरणाऱ्याने यांपैकी काहीही न छेडणे उत्तम.

तासगावला मेहुण्यांचे बेदाण्याचे शीतगृह आहे आणि तेथे मारियाडीबी हा दुसरा मुक्त-स्रोत डेटाबेस चालतो, म्हणून त्याचा ओडीबीसी ड्रायव्हरही मला जवळून पाहता आला. त्याची जुळणी पायरीपायरीने प्रश्न विचारत पुढे सरकते आणि जोडणी तपासण्याचे बटण योग्य वेळी समोर येते. या बाबतीत तो पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरपेक्षा निःसंशय सुबक आहे. तो मायएसक्यूएल या मारियाडीबीच्या भाऊबंद डेटाबेसलाही चालतो. त्याचा परवाना एलजीपीएल, म्हणजे सैल अटींचा मुक्त-स्रोत परवाना, असल्याने स्वतःचे सॉफ्टवेअर विकणाऱ्यालाही तो सोयीचा पडतो. ओरॅकलकडून येणारा मायएसक्यूएलचा ड्रायव्हर जीपीएल या अधिक कडक परवान्याचा असतो आणि तेथे अटी अधिक बारकाईने वाचाव्या लागतात. मात्र मारियाडीबीच्या ड्रायव्हरच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो, त्यामुळे ३.१ वरून ३.२ वर गेल्यास आधी तयार केलेले डेटा सोर्स जुन्याच नावाला चिकटून राहतात आणि ते पुन्हा तपासावे लागतात. पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरचे नाव आवृत्तीगणिक बदलत नाही, हे त्याचे न बोललेले सौजन्य आहे.

ड्रायव्हर वेळोवेळी नवा करणे मात्र दोन्हीकडे अटळ आहे. पोस्टग्रेसने २०१७ मधील १० व्या आवृत्तीत स्क्रॅम ही पासवर्ड पडताळण्याची अधिक सुरक्षित रीत आणली आणि २०२१ मधील १४ व्या आवृत्तीपासून नवे पासवर्ड आपोआप त्याच रीतीने साठवले जाऊ लागले. आम्ही डेटाबेस नवा केला आणि पासवर्ड पुन्हा दिले, पण पेढीवरचा ड्रायव्हर जुनाच होता, त्यामुळे ‘ऑथेंटिकेशन टाइप १० नॉट सपोर्टेड’ असा संदेश येऊन जोडणी बंद पडली. मी तासभर पासवर्डच चुकीचा समजून बदलत बसलो होतो. ड्रायव्हर नवा बसवताच पाच मिनिटांत काम झाले. मायएसक्यूएलच्या ८.० व्या आवृत्तीने २०१८ मध्ये पडताळणीची मूळ रीत बदलली तेव्हा जुन्या ड्रायव्हरांची अशीच पंचाईत झाली होती.

डेटा सोर्समध्ये लिहून ठेवलेला पासवर्ड विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या जुळण्यांच्या साठ्यात, कोणालाही वाचता येईल अशा रीतीने पडून राहतो, याची जाणीव बसवताना कोणी करून देत नाही. म्हणून दिवाणजींच्या संगणकासाठी आम्ही डेटाबेसमध्ये वेगळे खाते उघडले आणि त्याला त्या दोन व्ह्यूंवर केवळ वाचण्याचा अधिकार दिला. गेल्या हंगामात एका नवख्या मुलाने तेच खाते वापरून एक भाव परस्पर दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पोस्टग्रेसने नकार दिला आणि ड्रायव्हरने तो नकार जसाच्या तसा पडद्यावर आणून ठेवला.