'मूड' हेअर कलर: रंग खरंच बदलतो, पण मनामुळे नाही

'मूड कलर' म्हणून मिळणाऱ्या केसांच्या रंगाला भावना कळत नाहीत, तापमान कळतं. एवढं लक्षात ठेवून घेतला तर सुंदर प्रकार आहे. राग आला की केस लाल होतील या आशेने घेतला, तर पैसे वाया जातील.

या रंगात असते ती एक पावडर. तिचा एकेक कण म्हणजे काही मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागाची, बंद कुपी. तिच्यात तीन गोष्टी असतात: रंगद्रव्य, त्याला रंग आणणारं सौम्य आम्ल आणि मेणासारखं विद्रावक. मेण घट्ट असतं तोवर पहिली दोन जोडलेली राहतात आणि रंग दिसतो. नेहमीच्या पावडरीत ते साधारण ३१ अंश सेल्सिअसला वितळतं, जोडी सुटते आणि रंग जातो. मागे उरतो तो सोबत मिसळलेला साधा रंग. जांभळ्याचा गुलाबी होतो तो असा, त्यातला निळा तेवढा विझतो. लंडनच्या लॉरेन बोकर यांनी २०१७ मध्ये दाखवलेला 'फायर' हा रंगही तापमानावरच चालणारा होता.

भावनेने शरीराचं तापमान बदलतं हे खरं. घाबरल्यावर बोटं गार पडतात, लाजल्यावर कानाच्या पाळ्या तापतात. पण केसात ना रक्त, ना नस. टाळूपासून दोन बोटं लांब गेलेला केस खोलीइतकाच गार किंवा गरम असतो. ताणाने केस पांढरे होतात, त्यामागची एक प्रक्रिया २०२० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांत दाखवली. पण ते घडतं मुळाशी, नव्याने उगवणाऱ्या केसात. उगवून बाहेर आलेल्या केसाचा रंग मनाच्या हातात नाही.

आपल्याकडे खरा प्रश्न हवेचा आहे. मे महिन्यात नागपुरात हा रंग दिवसभर उडालेलाच राहील. मुंबईत एसी हॉलमध्ये दिसेल, बाहेर रस्त्यावर आलं की जाईल. नाशिक-महाबळेश्वरची थंडी मात्र याला मानवते: बट मुठीत धरायची, पाच-सात सेकंदांनी सोडायची, बोटांचे फिके ठसे उमटलेले दिसतात आणि टोकाकडून पुन्हा भरत येतात. या रंगाची सगळी मजा त्या ठशांत आहे.

काळ्या केसांवर तो जवळजवळ दिसतच नाही. खाली केळीच्या सालीच्या आतल्या बाजूइतका फिका पिवळा केस लागतो, म्हणजे भरपूर ब्लीच. एका संध्याकाळच्या रंगासाठी तेवढं नुकसान करू नये. केसांना धातूचे क्षार असलेली काळी मेंदी लागलेली असेल तर ब्लीच लावूच नका. त्या क्षारांचा ब्लीचमधल्या पेरॉक्साइडशी संयोग होऊन केस तापतात, जळूही शकतात. आमचा सल्ला: पांढरं किंवा फिकं सोनेरी गंगावन घ्या आणि रंग त्यालाच द्या.

सुट्या पावडरीचं प्रमाण असं: १० ग्रॅम पारदर्शक, बिनअल्कोहोलच्या जेलला १ ग्रॅम पावडर. जास्त घातली तर सुकल्यावर पांढुरका भुगा खांद्यावर पडतो. काचेच्या वाटीत, थंड जागी, लाकडी काडीने हळूहळू ढवळा. मिक्सर नको, कुप्या फुटतात. कोरड्या गंगावनाला पातळ थर द्या, पंख्याखाली पूर्ण सुकू द्या, मग दुसरा थर. घाईने जाड थर दिला की बटा काडीसारख्या कडक होतात. आदल्या दोन दिवसांत कानामागे थोडं मिश्रण लावून खाज येते का पाहा, कारण गंगावन मानेला लागणारच. पाकिटावर कॉस्मेटिक ग्रेड लिहिलेलं हवं. चहाचे मग, खेळणी, शाई यांच्यासाठीची पावडर स्वस्त पडते, पण केसांवर ती नको.

बिघाड तीन कारणांनी होतो. उन्हाने रंगद्रव्य मरतं आणि मग कितीही थंडी असली तरी रंग परतत नाही; उघड्यावर काढलेल्या वरातीसाठी हा माल नाही. अल्कोहोल असलेल्या हेअर स्प्रेने कुप्यांची भिंत खराब होते. आणि स्ट्रेटनरच्या १८०-२०० अंशांच्या चटक्याने पावडर कायमची निकामी होऊ शकते. वेणी आधी घाला, रंग नंतर.

गॅदरिंग, नाटक, फोटोशूट यांसाठी पाचपैकी चार गुण. रंगमंचावर युक्ती सोपी आहे: विंगेत बर्फाच्या पाण्याची फवारणी बाटली ठेवायची, उलट परिणाम हवा असेल तर मंद हेअर ड्रायर एका हाताच्या अंतरावरून. प्रखर दिव्यांखाली काही वेळातच बटा तापतात, म्हणून रंग दाखवायचा प्रसंग प्रवेशाच्या सुरुवातीला घ्या. रोजच्या वापरासाठी एकच गुण. पाकिटावर 'मनाप्रमाणे बदलतो' असं छापणाऱ्यांनी तिथे 'तापमानाप्रमाणे' छापायला हवं. गिऱ्हाईक तरीही घेईल.

कार्यक्रम झाला की गंगावन कोमट पाण्यात साध्या शाम्पूने धुवा. उरलेलं मिश्रण झाकण लावून अंधारात ठेवा, फ्रीजरमध्ये नको.