काटापट्टीचं नवं सॉफ्टवेअर: एका हंगामानंतर

फीचर सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडा. आमच्या वजनकाट्यावरचा डॉसवर चालणारा, फॉक्सप्रोत लिहिलेला जुना प्रोग्रॅम गेला, विंडोजवरचा नवा आला. वजनाची पट्टी झटपट निघते, शेतकऱ्याला एसएमएस जातो. एवढ्यावर चार तारे द्यायला हरकत नव्हती. पण वजन!

जुना प्रोग्रॅम इंडिकेटरचा, म्हणजे काट्याचं वजन दाखवणाऱ्या डब्याचा, आकडा लगेच पकडत नसे. लागोपाठ काही आकडे सारखे आले, की मगच वजन घ्यायचा. नव्याने लिहिणाऱ्याला ते थांबणं फालतू वाटलं असावं, काढून टाकलं. आता कापसाची ट्रॉली काट्यावर हलत असतानाच आकडा छापला जातो. भरलेल्या गाडीत चूक, रिकाम्या गाडीत वेगळी चूक, निव्वळ वजनात दोन्ही. २० किलोचा फरक म्हणजे लांब धाग्याच्या कापसाच्या २०२५-२६ मधल्या क्विंटलला ८,११० च्या हमीभावाने १,६२२ रुपये. भांडण मात्र काटेवाल्याशी. कस्टमर केअर म्हणते, काट्याचं पासिंग (सरकारी तपासणी) करून घ्या. अहो, इंडिकेटरवर आकडा बरोबर आहे, चुकतो तो पट्टीवर!

अपडेट आलं तेव्हा एक तारा वाढवणार होतो. आता ते थांबतं, पण आकडा तसूभरही हलता कामा नये. बंडी आली की बैल पाय हलवतात आणि स्क्रीन अडकून बसते. मागे रांग लागलेली, मग ऑपरेटर वजन हाताने टाकतो. जुन्यात हाताने टाकलेल्या वजनापुढे पट्टीवर फुली यायची. नव्यात काहीच येत नाही. विचारलं तर म्हणतात, तुम्ही तसं लिहून दिलं नव्हतं. जुन्यात होतं, ते कोण कशाला लिहून देईल बाप्पा?

घेणारच असाल तर जून-जुलैत बदला, दिवाळीच्या आवकेत नाही. जुना संगणक भंगारात देऊ नका. त्याच गाडीची पट्टी दोन्हींवर काढून निव्वळ वजन ताडून पहा. इंजिन चालू ठेवून, बंडी घेऊन, भरलं वजन झाल्यावर मुद्दाम लाईट घालवून पहा. तारीख १२ च्या आतली टाका: ५ नोव्हेंबरचा, म्हणजे ०५/११ चा, ११ मे झाला, तर ते १३ तारखेपासून दिसणारही नाही. इंडिकेटर संगणकाला जोडणारा यूएसबी कन्व्हर्टर दुसऱ्या भोकात लावला की सॉफ्टवेअर ज्यावरून वजन वाचतं त्या कॉम पोर्टचा नंबर बदलतो आणि वजन शून्य दिसतं. त्या भोकाला चिकटपट्टी लावा.

सध्या अडीच तारे. फुली परत आल्याशिवाय एएमसीचे (वर्षाच्या देखभालीचे) पैसे देणार नाही.