अटॅक रेट की सेकंडरी अटॅक रेट? कोपीवरच्या गोवरासाठी कोणता काढाल

साथ आली की अहवालात ‘अटॅक रेट’चा रकाना भरायचा असतो, आणि आपण आजारी भागिले लोकसंख्या करून मोकळे होतो. जत्रेच्या जेवणातून उलट्या-जुलाब झाले असतील तर हा साधा दरच कामाचा, फक्त पदार्थनिहाय काढा. समजा, बासुंदी खाल्लेल्या 200 पैकी 120 जण आजारी, म्हणजे 60 टक्के. न खाल्लेल्या 50 पैकी 5, म्हणजे 10 टक्के. संशय कशावर घ्यायचा ते लगेच कळतं.

गोवराचं तसं नाही, तो माणसाकडून माणसाकडे जातो. वाळवा तालुक्यात ऊसतोड टोळ्यांच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, चार-चार पोरं एका वाकळेखाली झोपतात. तिथं प्रश्न असा: पहिलं मूल आजारी पडल्यावर बाकीच्यांतल्या किती जणांना लागण झाली? हाच सेकंडरी अटॅक रेट.

समजा, गोवर शिरलेल्या 12 कोप्यांत मिळून 50 मुलं आहेत. प्रत्येक कोपीतलं पहिलं आजारी मूल वजा करा, 12 गेली. एमआरचे (गोवर-रुबेला लसीचे) दोन्ही डोस झालेली किंवा आधी गोवर येऊन गेलेली 14 वजा करा. उरली 24. त्यांतल्या 18 जणांना पुरळ आलं, तर दर 75 टक्के. तेच 18 सरसकट 50 ने भागले की 36 टक्के दिसतात आणि लस न मिळालेल्या पोरांचे हाल त्या आकड्याखाली झाकले जातात. मला हे फार लागतं.

खरी मेहनत तारखांची. पहिल्या पुरळानंतर साधारण 7 ते 21 दिवसांत पुरळ आलेलं मूलच दुय्यम रुग्ण धरा. दोन भावंडांना दोनच दिवसांच्या अंतरानं पुरळ आलं असेल तर दोघांनाही लागण एकाच ठिकाणी झालेली असणार. धाकट्याला थोरल्याच्या खात्यावर टाकू नका.

आणि लसीचं. आई म्हणते, “ताई, कार्ड गावाकडं राहिलं,” आणि पोराच्या डाव्या दंडावरची खूण दाखवते. ती खूण बीसीजीची, म्हणजे क्षयरोगाच्या लसीची असते, एमआरची खूण राहत नाही. कार्ड नसलेल्यांचा रकाना वेगळा ठेवा आणि दर दोनदा काढा, त्यांना धरून आणि सोडून.

कोप्यांसाठी माझं मत सेकंडरी अटॅक रेटलाच. फक्त टोळी उसाचा फड बदलण्याआधी मुकादमाचा नंबर घ्या आणि 21 दिवस फोन करत राहा, नाहीतर पुढच्या फडावर आजारी पडलेली पोरं तुमच्या मोजणीतून सुटतील.