खाडीवरचं करिअर: कॉलेजात की संशोधन संस्थेत?

ठाणे खाडीतल्या पक्ष्यांवर काम करायचं तर वाटा दोन: कॉलेजात शिकवता शिकवता, नाहीतर बीएनएचएससारख्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) संशोधन संस्थेत.

कॉलेजसाठी नेट-सेट किंवा पीएचडी हवी. यूजीसीच्या नियमाने सहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं. पेपर तपासणं आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली वेगळ्या. खरी पंचाईत भरती-ओहोटीची. ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, टाइमटेबल मात्र जागचं हलत नाही. ओहोटीला चिखल उघडा पडला की रोहित (फ्लेमिंगो) आणि तुतवारासारखे किनारी पक्षी चरायला पांगतात. उधाणाच्या भरतीला तेच थवे आसपासच्या पाणथळींवर दाटीवाटीने उभे राहतात. मोजणी तेव्हा जमते. नेमकं त्याच वेळी एसवायचं प्रॅक्टिकल लागलेलं असतं.

संस्थेत तिथी बघून आठवडा आखता येतो. पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालायला हाताशी अनुभवी माणसं असतात. पण नोकरी बहुतेकदा प्रकल्पापुरती. निधी संपला की पुन्हा अर्ज. (हे घरच्यांना समजावणं म्हणजे स्वतंत्र फील्डवर्क!)

पर्मनंट जागा मिळत असेल तर मी कॉलेजच म्हणेन. ही खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. पण गाळ साचून चिखलपट्ट्यांवर कांदळवन कसं पसरतंय, हे तीन वर्षांच्या प्रकल्पात पुरतं कळत नाही. त्याला वीस-पंचवीस वर्षं एकाच जागी टिकावं लागतं. कॉलेजात तासिका तत्त्वावरच (तासागणिक मानधनावर) राबायचं असेल, तर मात्र संस्था बरी.