मुलांचे इअरमफ : लेकीच्या कानावर बसल्यावर काय दिसलं

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. आवाजाचा त्रास होणारं मूल घरात असेल तर मुलांच्या मापाचा, साधा, बॅटरी नसलेला इअरमफ, म्हणजे कान झाकून बाहेरचा आवाज कमी करणारा मफ, जरूर घ्या. मात्र तो मुलाच्या हाताला येईल असा ठेवा आणि कधी घालायचा, कधी काढायचा हे त्यालाच ठरवू द्या. आता सविस्तर लिहितो, कारण विकत घेताना कोणी सांगत नाही अशा बऱ्याच गोष्टी यात आहेत.

मी कारखान्यात प्रेस शॉपला काम करतो. पाळी सुरू झाली की कानावर मफ चढतो तो जेवणाच्या सुट्टीलाच उतरतो. त्यामुळे लेकीसाठी मफ बघताना मी रंग आणि चित्रं बाजूला ठेवून कप, गादी आणि पट्टा बघत होतो. लेक सात वर्षांची आहे. शर्टाच्या आतलं लेबल, केसांतून फिरणारा कंगवा आणि अचानक येणारा आवाज, या तिन्ही गोष्टी तिला सोसत नाहीत. आवाजाचं सगळ्यात जास्त. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजच्या कामांत आणि अशा संवेदनांच्या अडचणींत मुलांना मदत करणाऱ्या तज्ज्ञांकडे) तिचं नियमित काम चालू आहे आणि मफ घेऊन बघा हे त्यांनीच सुचवलं. त्याआधी कानांची तपासणी करून घ्या, असंही त्यांनी बजावलं होतं. ती नीट झाली, ऐकू येण्यात काही दोष नाही. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. कान दुखतोय म्हणून मूल आवाजाला घाबरत असेल तर मफ घालून तो आजार झाकला जाईल.

वस्तू म्हणून यात गुंतागुंत काही नाही. डोक्यावरून जाणारा पट्टा, प्लास्टिकचे दोन कप, कपात फोम आणि कानाभोवती बसणारी मऊ गादी. सगळी मदार त्या गादीवर. कप आणि डोकं यांच्यात फट राहिली की आवाज तिथूनच आत शिरतो, मग कप कितीही जाड असू द्या. मोठ्या माणसाचा मफ मुलाच्या डोक्यावर नीट बसत नाही. मी माझा मफ लेकीच्या डोक्यावर ठेवून कडेने बोट फिरवलं, तर कानाच्या खाली, जबड्यामागच्या खोलगट जागी बोट सहज आत गेलं. मुलांच्या मापाच्या मफला तिथे फट नव्हती. चष्म्याची काडी, जाड वेणी, कानामागे अडकवलेली क्लिप, यांनीही अशीच फट पडते. आम्ही आता केस मागे बांधूनच मफ घालतो.

फट राहू नये म्हणून पट्ट्याची पकड घट्टच लागते. स्पर्शाचाही त्रास असलेल्या मुलाला ती सोसेल का, ही मला सगळ्यात मोठी शंका होती. थेरपिस्टनी सांगितलं की हलका, चुटपुटता स्पर्श नकोसा होणाऱ्या कित्येक मुलांना सलग आणि ठाम दाब उलट बरा वाटतो. टेंपल ग्रँडिन या स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, शास्त्रज्ञ बाईंनी तर तरुणपणीच स्वतःसाठी अंगाला दोन्ही बाजूंनी दाब देणारं यंत्र बनवलं होतं, आणि अशा दाबाने मन शांत होतं यावर १९९२ मध्ये लेखही लिहिला. आमच्या लेकीला कंगवा चालत नाही, पण मफची पकड चालली. प्रत्येक मुलाचं असंच होईल असं नाही. म्हणून दुकानात डोक्यावर घालून बघता येत असेल तर तसंच घ्या, नाहीतर परत करता येईल अशा ठिकाणाहून. पट्टा एखाद्या खोक्यावर रात्रभर ताणून ठेवला की सैल पडतो, असा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. पकड गेली की सील, म्हणजे फट न ठेवता घट्ट बसणं, गेलं, आणि सील गेल्यावर त्या मफमध्ये उरतं काय?

आता आकड्यांकडे. खोक्यावर एसएनआर किंवा एनआरआर असं काहीतरी लिहिलेलं असतं. मफ आवाज किती डेसिबलने कमी करतो, ते सांगणारे हे आकडे. पहिली युरोपातली पद्धत, दुसरी अमेरिकेतली. मफ एकच असला तरी एनआरआरचा आकडा सहसा कमी दिसतो, त्यामुळे एका खोक्यावरचा एसएनआर आणि दुसऱ्यावरचा एनआरआर यांची तुलना करून फसू नका. आमच्या मफचा एसएनआर २७ डेसिबल आहे. हा प्रयोगशाळेतला आकडा. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने १९९८ च्या आपल्या शिफारशींत मफच्या लेबलवरचा आकडा २५ टक्क्यांनी कमी धरायला सांगितलं होतं, आणि कामावरचा माझा अनुभवही तसाच आहे. तरी जे उरतं तेही थोडं नाही. १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो.

एसएनआरच्या खाली एच, एम आणि एल असे आणखी तीन आकडे असतात. ते जरूर वाचा. आमच्या मफवर एच ३२, एम २४, एल १५ असं आहे. म्हणजे शिट्टीसारखा चिरका आवाज चांगला अडतो, माणसाच्या बोलण्याच्या पट्टीतला मध्यम अडतो आणि ढोलासारखा खर्जातला आवाज बराचसा आत येतो. हे मला कागदावरून माहीत होतं, लेकीने ते स्वतःहून सांगितलं. मोठ्या स्पीकरजवळून जाताना मफ कानावर असूनही ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, कानात नाही वाजत आता, पोटात वाजतंय." खर्जातला मोठा आवाज छातीला, पोटाला थरथर म्हणून जाणवतोच, त्याला कानावरचा कप काय करणार? अशा ठिकाणी उपाय एकच, लांब जायचं. जास्त एसएनआरचा, आणखी जड मफ घेऊन तो प्रश्न सुटत नाही.

खरेदीतली आणखी एक गोष्ट. "सेन्सरी", "ऑटिझम स्पेशल" असं लिहिलेले मफ बाजारात भरपूर दिसतात. त्या शब्दांवरून वस्तूचा दर्जा कळत नाही. संवेदनांवरच्या प्रक्रियेतल्या अडचणी, म्हणजे आवाज, स्पर्श वगैरे मेंदूला नीट हाताळता न येणं, ही कल्पना जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनी मांडली, १९६० आणि ७० च्या दशकांत. पण मानसिक आजारांच्या वर्गीकरणाच्या २०१३ च्या अमेरिकन आवृत्तीतही तिला स्वतंत्र निदान म्हणून जागा नाही. आवाज, स्पर्श यांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे तिथे स्वमग्नतेच्या लक्षणांत धरलंय. तेव्हा "सेन्सरी" हा शिक्का वाटेल तो मारू शकतो. खोक्यावर ईएन ३५२ हा युरोपीय मानकाचा क्रमांक आहे का ते बघा. तो असेल तर कोणीतरी निदान मोजमाप केलेलं आहे. तो नसेल आणि एनआरआरचा आकडाही नसेल, तर ते कानाला लावायचं खेळणं आहे.

घरी आणल्यावर आम्ही मफ थेट तिच्या कानावर चढवला नाही. तो तिच्या खेळण्यांत ठेवला. तिने बाहुल्यांना घातला, माझ्या कानांना लावला, कप उघडझाप करून बघितले, आतल्या फोमला बोटं लावली. मग स्वतःच्या कानाला एकच कप धरला आणि काढला, पुन्हा धरला. आवाज कमी-जास्त करायचं बटण आपल्या हातात आलंय, हे तिला तिथे समजलं असावं. मला विचाराल तर या वस्तूचा सगळ्यात मोठा गुण हाच. आवाज निम्मा झाला हे खरंच, पण तो कधी निम्मा करायचा हे तिच्या ताब्यात आलं, त्याने तिची भीती जास्त कमी झाली. मफ गळ्यात नुसता अडकवलेला असला तरी ती पूर्वी टाळायची अशा जागी जाते.

सार्वजनिक स्वच्छतागृहातलं हात वाळवायचं यंत्र हा आमचा जुना शत्रू. ते सुरू होईल या धास्तीनेच ती दारातून मागे फिरायची. तिची ती भीती अनाठायी नव्हती. कॅनडातल्या एका शाळकरी मुलीने अशी ४४ यंत्रं मुलांच्या कानाच्या उंचीवर मोजली, आणि काही यंत्रांचा आवाज १०० डेसिबलच्या वर गेला. तिचा तो अभ्यास २०१९ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात छापून आला. मोठ्या माणसाचा कान यंत्राच्या वर असतो, मुलाचा बरोबर झोताच्या पातळीला. आता लेक दाराबाहेर मफ चढवते, आत जाते, हात कपड्याला पुसते आणि बाहेर येते. यंत्र ती अजूनही वापरत नाही, आणि वापरावं असा आमचा आग्रहही नाही.

शाळेत मफ चालू द्यायला वर्गातल्या बाईंनी खूप समजून घेतलं. घंटा, खुर्च्या सरकवण्याची वेळ, सभागृहातला कार्यक्रम, एवढ्यापुरताच तो वापरायचा असं ठरलं. शिकवताना नाही. कारण या मफने बोलणंही दबतं. त्यातही स, श, फ, त अशी बारीक व्यंजनं आधी जातात, कारण ती उंच पट्टीत असतात. मूल लक्ष देत नाही असं वाटतं, खरं तर त्याला अर्धा शब्दच ऐकू आलेला असतो. मफ कानावर असेल तेव्हा बाई समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलतात. रस्ता ओलांडताना मफ गळ्यात, ही आमच्या घरची न मोडणारी अट आहे.

दिवसभर मफ घालू देऊ नका, हे मला कळकळीने सांगायचंय. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चांगलं ऐकू येणाऱ्या प्रौढांना दोन आठवडे जवळजवळ दिवसरात्र कानात बोळे घालायला लावले होते. ते काढल्यावर त्यांना तेच आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले. आवाज कमी मिळाला की ऐकण्याची यंत्रणा आपली संवेदनशीलता वाढवून घेते. म्हणजे ज्या मुलाला आधीच आवाज टोचतो, त्याला सतत मफमध्ये ठेवलं तर टोचणं वाढायचीच शक्यता. म्हणून घरात, रोजच्या साध्या आवाजांत, आमच्याकडे मफ खुंटीवर असतो. खुंटी तिच्या हाताला येईल इतक्या उंचीवर लावली आहे. तिने काढून घातला तर आम्ही अडवत नाही. फक्त थोड्या वेळाने विचारतो, "अजून हवाय का गं?" बहुतेक वेळा तोवर तिने तो काढलेला असतो.

आता तक्रारी. उकाड्यात गादीखाली घाम येतो, कानामागची कातडी लाल होते. मफ घालून जेवता येत नाही, कारण कान झाकलेला असताना चावण्याचा आवाज डोक्यात घुमतो आणि लेकीला तो बाहेरच्या गोंगाटाइतकाच नको असतो. पट्ट्याच्या घडीची बिजागरी हलताना बारीक करकरते. दुसऱ्या कोणाला ते जाणवणारही नाही, पण कपातून तो आवाज थेट तिच्या कानाशी जातो. आणि लोक बघतात. तिला त्याचं काही वाटत नाही. तिच्या आईला आणि मला सुरुवातीला वाटायचं, आता वाटत नाही.

दुसरे पर्यायही बघितले. कानात घालायचे मऊ बोळे लहान असतात, दिसत नाहीत, पण लेक कानाच्या आत काही जाऊ देत नाही, आणि अगदी लहान मुलांच्या घशात ते अडकायची भीती असते. आवाज खोडून काढणारे बॅटरीचे हेडफोन मी स्वतः लावून पाहिले. पंख्याची घरघर, वाहनाची एकसुरी गुणगुण त्यांत छान नाहीशी होते. धाडकन आपटलेलं दार, शिट्टी, दुसऱ्या मुलाची किंकाळी मात्र त्यांना तशी पेलत नाही, आणि आम्हाला त्रास त्याचाच. शिवाय त्यांत गाणी लागतात, मग आवाज वाढतो. मुलांसाठी ७५ डेसिबलने आठवड्याला ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेने ऐकण्याच्या साधनांसाठी घातलेली मर्यादा आहे. ती सांभाळत बसण्यापेक्षा बॅटरी नसलेला कप बरा.

मफने थेरपीची जागा घेतलेली नाही. झोके, उड्या, जड वस्तू ढकलणं हे सगळं थेरपिस्टनी ठरवून दिल्याप्रमाणे चालूच आहे. आवाजापेक्षा उजेडाचा किंवा वासाचा त्रास जास्त असेल तर यावर खर्च करू नका, त्यासाठी थेरपिस्टना वेगळं काही विचारा. आणि मफ पुढे केला की मूल तो भिरकावून देत असेल तर तो बाजूला ठेवून द्या, काही महिन्यांनी पुन्हा दाखवा.

शेवटी निगा. गादी ओल्या फडक्याने पुसायची आणि सावलीत वाळवायची. घामाने आणि वापराने ती कडक होते, बारीक चिरा पडतात, मग सील जातं. सुट्या गाद्या मिळतात की नाही हे मफ घेण्याआधीच विचारा, कारण पुष्कळ स्वस्त मफना त्या मिळतच नाहीत आणि अख्खी वस्तू टाकावी लागते. आमच्या मफची गादी नखाने ओढली की निघते, नवी दाबली की बसते, आणि लेकीचं डोकं वाढेल तसा पट्टा सरकवायला अजून जागा आहे. तो लहान पडला की याच प्रकारचा, पुढच्या मापाचा घेणार आहे.