गॉथ, जपानी की केल्ट : एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये पायदळ कोणाचं घ्यावं?

एज ऑफ एम्पायर्स २ या संगणकावरच्या युद्धखेळात पायदळ खेळायचं ठरवलं की तीन संस्कृतींची नावं हमखास पुढे येतात: गॉथ, जपानी आणि केल्ट. तिन्ही मी मनापासून खेळलोय, बहुतेक वेळा अरेबियासारख्या मोकळ्या नकाशावर, एकास एक. वायकिंग आणि ॲझटेकही पायदळाचेच. पण वायकिंगांना हॅलबर्डियर (भालेकऱ्यांची शेवटची पायरी) नाही आणि ॲझटेकांचा ईगल वॉरियर हा सगळा निराळाच खेळ आहे, म्हणून त्यांना इथे बाजूला ठेवतो.

आधी गॉथ, कारण पायदळाच्या नादी लागलेला माणूस सहसा तिथूनच सुरुवात करतो. इम्पीरियल एजमध्ये, म्हणजे खेळातल्या शेवटच्या युगात, त्यांचं पायदळ ३५ टक्के स्वस्त पडतं, पर्फ्यूजन हे त्यांचं खास संशोधन घेतलं की बॅरॅक्स (पायदळ घडवणाऱ्या इमारती) दुप्पट वेगाने माणसं काढतात, वर लोकसंख्येची मर्यादा १० ने वाढते. सहा-सात बॅरॅक्स ओळीने उभे करून सगळ्यांचा रॅली पॉइंट (नवी माणसं जिथे जाऊन जमतात ती जागा) शत्रूच्या दारात लावला की काय होतं, ते एकदा तरी अनुभवावं. समोरच्याने वीस माणसं मारली तर त्याला दम घ्यायलाही उसंत मिळत नाही, पुढची वीस येऊन भिडलेली असतात. त्यांच्या हस्कार्ल या खास सैनिकाला बाण फारसे लागतच नाहीत, त्यामुळे समोर ब्रिटन किंवा मायन असे तिरंदाजांवर चालणारे असले की गॉथ घेतल्याचं समाधान वाटतं. इतिहासातले हस्कार्ल खरं तर स्कँडिनेव्हियातले आणि पुढे इंग्लंडच्या राजांच्या पदरचे. १०६६ मध्ये हेस्टिंग्जला हॅरल्डच्या बाजूने लढले ते हेच. गॉथांच्या गोटात ते कसे आले कोण जाणे, पण तिथे शोभतात मात्र.

अडचण आहे ती इम्पीरियलपर्यंत टिकण्याची. गॉथांना दगडी तट बांधताच येत नाही. त्याआधीच्या कॅसल एजमध्ये समोरून चार नाइट (घोडेस्वार) आले की लाकडाचं कुंपण किती वेळ धरणार? पाइकमन (भालेकरी) काढून लाकूडतोड्यांच्या मदतीला पाठवावेत, तर ते पोचेपर्यंत नाइट सोन्याच्या खाणीवर गेलेले असतात. पाइकमन खाणीकडे वळवावेत, तर नाइट परत लाकडावर. गॉथांबरोबरच्या माझ्या हरलेल्या मॅच आठवल्या तर जवळजवळ सगळ्या अशाच गेल्या. तुमचा बचाव पक्का असेल, किंवा नकाशा बंदिस्त असेल, तर हा मुद्दा तुम्हाला तितका जाचणार नाही.

जपानी हे कागदावर तिघांत सगळ्यात उजवे, हे मी आधीच मान्य करतो. फ्यूडल एजपासूनच, म्हणजे दुसऱ्या युगापासून, त्यांचं पायदळ इतरांपेक्षा ३३ टक्के वेगाने वार करतं, आणि लोहाराकडचे पायदळाचे सगळे अपग्रेड त्यांना मिळतात. चॅम्पियनसमोर चॅम्पियन (तलवारवाल्यांची शेवटची पायरी) उभे केले तर या तिघांत माझा पैसा जपान्यांवर. तिरंदाजही चांगले, म्हणजे पायदळ चाललं नाही तर दुसरी वाट हाताशी आहे. सामुराई हा त्यांचा खास सैनिक इतरांच्या खास युनिटांवर जादा जोरात तुटून पडतो. फक्त त्यासाठी आधी ६५० दगडांचा कॅसल उभा राहायला हवा, आणि तोवर भिस्त साध्या लाँग स्वोर्ड्समनवर, म्हणजे तलवारवाल्यांवर.

त्या मधल्या काळातच माझी निवड बदलली. मॅच ब्रिटनांविरुद्ध होती. माझ्याकडे अठरा-वीस लाँग स्वोर्ड्समन, समोर साधारण तेवढेच क्रॉसबोमन (तिरंदाज). नकाशाच्या मध्यावर गाठ पडली आणि मी सरळ अंगावर गेलो. ते चार पावलं मागे सरले, वळले, एकदम बाण सोडले, पुन्हा चार पावलं मागे. प्रत्येक वळणाला माझा एक माणूस खाली. मधे गर्दीतला एखादा दोन हातांवर पोचायचा, तलवार उगारायचा, आणि तेवढ्यात समोरचा निसटलेला असायचा. हा पाठलाग त्याच्या टाउन सेंटरपर्यंत चालला. तिथे इमारतीतूनही बाण सुरू झाले आणि उरलेले सहा-सात तिथेच संपले. मी नंतर रेकॉर्डिंग सावकाश पाहिलं. माझ्या पूर्ण तुकडीचे मिळून तीन-चार वार लागले होते.

त्या दिवशी लक्षात आलं की पायदळाचं दुखणं ताकदीत नाही, पोचण्यात आहे. साधा तलवारवाला तिरंदाजापेक्षा मुळातच किंचित हळू चालतो. स्क्वायर्स हे संशोधन घेतलं की १० टक्के वेग वाढतो, पण तरी अंतर इंचाइंचाने तुटतं, आणि तोवर निम्मी तुकडी गेलेली असते. वेगाने वार करण्याचा फायदा तलवार अंगाला भिडल्यावर सुरू होतो. गॉथांचं वर सांगितलेलं रडगाणं नीट पाहिलं तर तेही हेच: पाइकमन मारायला कमी पडत नव्हते, जागेवर वेळेत पोचत नव्हते.

केल्टांचं पायदळ १५ टक्के वेगाने चालतं. आकडा वाचून मलाही फार काही वाटलं नव्हतं. पण केल्ट घेऊन अशाच क्रॉसबोवाल्यासमोर गेलो तेव्हा तो पहिल्यांदा मागे सरला, वळला, आणि वळेपर्यंत माझे पुढचे पाच जण त्याच्या अंगावर होते. त्याने तुकडी दोन भागांत फोडून पाहिली, तरी अर्धी सापडलीच. बचावातही तोच फरक. नाइटांनी लाकूडतोड्यांवर झडप घातली की पाइकमन एखाद-दुसरा गावकरी गमावून का होईना, पण पोचतात. दोनदा असं झालं की समोरचा रेड टाकायचं सोडून देतो.

त्यात लाकूडतोडेही १५ टक्के वेगाने काम करतात. शेतं, कुंपणं आणि सीज वर्कशॉप (वेढ्याची यंत्रं बनवणारी इमारत), सगळं लाकडावर चालतं, त्यामुळे कॅसल एजमध्ये हात कधी आखडत नाही. हॅलबर्डियरला तर सोनं लागतच नाही, फूड आणि लाकूड पुरे. खाणी आटल्यावर हॅलबर्डियर पुढे आणि मागे ओनेजर (दगडफेकी यंत्रं) अशी फौज केल्टांनी काढली की ती परतवणं कठीण जातं, कारण त्यांची सीज यंत्रं इतरांपेक्षा वेगाने मारा करतात आणि फ्युरर केल्टिका हे संशोधन घेतल्यावर मारही जास्त सोसतात. तिरंदाजांचा मोठा थवा समोर आला तर एक नीट पडलेला गोळा पुरतो.

उणिवा आहेतच. आर्बलेस्टर (तिरंदाजांची शेवटची पायरी) नाही. घोडदळ आहे, पण ब्लडलाइन्स (घोडदळाचं बळ वाढवणारं संशोधन) नसल्यामुळे त्यावर विसंबून राहता येत नाही. वोड रेडर हा त्यांचा खास सैनिक धावण्यात भन्नाट, पण त्यालाही कॅसल हवाच. तुम्हाला पायदळ आणि तिरंदाज मिळून खेळायला आवडत असेल तर जपानी घ्या, पस्तावणार नाही.

गेममधली शिकाऊ मोहीम आठवते का? विल्यम वॉलेसची, केल्टांचीच. तिचा शेवट फॉल्कर्कच्या लढाईत होतो. गेममध्ये आपण ती जिंकतो, पण १२९८ मध्ये प्रत्यक्षात वॉलेसचे भालेकरी गोल रचून जागेवर उभे राहिले, पहिल्या एडवर्डच्या तिरंदाजांनी लांबून त्यांची फळी विरळ केली आणि मग घोडदळ आत शिरलं. ते वाचलं तेव्हा मला माझे ते अठरा-वीस लाँग स्वोर्ड्समन आठवले.

मित्रांबरोबर ब्लॅक फॉरेस्ट या दाट जंगलाच्या नकाशावर बसलो की मी अजूनही कधीकधी गॉथ घेतो. तिथे इम्पीरियलपर्यंत सहसा कोणी हात लावत नाही. पण तिथेही हल्ली केल्टच जास्त वेळा निवडले जातात. सीज ओनेजरने झाडं पाडून, समोरच्याने तट घातलेलाच नाही अशा बाजूने वाट काढायची, आणि शेवटचं झाड पडलं की हॅलबर्डियर त्या फटीतून धावत आत सोडायचे.