‘प्रगत संख्याशास्त्रा’च्या दहा दिवसांच्या कोर्समध्ये माझे २१,१४९ रुपये कसे गेले

खानदेशातील एका तालुक्याच्या गावी मी वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते आणि त्याचबरोबर पीएच.डी.चे काम करते. संशोधन पद्धती हा पेपर मी स्वतः वर्गात शिकवते, हे आधीच सांगते, कारण हे वाचून ‘बाई, तुम्हाला एवढेही कळले नाही का?’ असे अनेकांच्या मनात येणार आहे आणि ते माझ्याही मनात रोज येते. गेले चार महिने मी हे जाहीरपणे सांगितले नव्हते. आता लिहीत आहे, कारण तीच जाहिरात नाव बदलून पुन्हा आमच्या भागातील ग्रुपवर फिरू लागली आहे.

माझा विषय सातपुड्यातील आश्रमशाळांमधील मुलांच्या गळतीचा आहे. धडगाव, अक्कलकुवा आणि तळोदा या तालुक्यांतील ३४ शाळांमधून, प्रत्येक शाळेतील १८ याप्रमाणे ६१२ मुलांची माहिती मी दोन वर्षांत गोळा केली. पहाटे सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी पकडून नंदुरबारला उतरायचे आणि पुढे एसटी किंवा मिळेल ते वाहन, असे ते काम होते. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जाणारी मुले नेमकी कधी परत येतात आणि कोणत्या शाळेतील मुले परतच येत नाहीत, हा माझा प्रश्न आहे. एकाच शाळेतील मुले एकमेकांसारखी असतात, त्यामुळे त्यांना सुटीसुटी धरून साधे रिग्रेशन चालवले तर प्रमाण त्रुटी (अंदाज किती चुकू शकतो त्याचे माप) खोटी लहान येते आणि नसलेला परिणाम असल्यासारखा दिसतो. याला मल्टिलेव्हल मॉडेल, म्हणजे मूल आणि शाळा हे दोन्ही स्तर एकत्र धरणारे मॉडेल लागते, एवढे मला वाचून कळले होते. ते चालवायचे कसे, हे कळत नव्हते.

कोणाला विचारायचे? माझे मार्गदर्शक सज्जन आहेत, परंतु त्यांची सारी हयात टक्केवारी आणि काय-स्क्वेअरच्या साध्या चाचणीमध्ये गेली. चांगले अभ्यासवर्ग भरतात, नाही असे नाही. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेच्या अनुदानातून दहा दिवसांचे संशोधन पद्धतीचे वर्ग देशभर होतात आणि पुण्या-मुंबईच्या नामवंत संस्थांतही असे वर्ग असतात. मात्र दहा दिवस बाहेर राहायचे म्हणजे दहा दिवसांच्या तासिका बुडतात आणि बुडालेल्या तासिकेचे पैसे मिळत नाहीत. माझ्या नोंदणीचे पाचवे वर्ष चालू होते आणि मुदत सहा वर्षांची. अशा वेळी ‘घरबसल्या दहा दिवसांत मल्टिलेव्हल आणि स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग’ अशी जाहिरात संशोधक विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तेव्हा मला ती देवासारखी धावून आल्यासारखी वाटली. मी लोभाने गेले नाही. मी शिकायला गेले होते.

जाहिरातीत लिहिले होते की हा कोर्स अमेरिकेतील मिशिगन आणि इंग्लंडमधील एसेक्स या विद्यापीठांतील उन्हाळी वर्गांच्या धर्तीवर आहे. हे वर्ग खरे आहेत. मिशिगनचा १९६३ पासून आणि एसेक्सचा १९६८ पासून चालू आहे आणि समाजशास्त्रातील कितीतरी संशोधकांनी तिथे प्रगत पद्धती आत्मसात केल्या. खऱ्या संस्थांची नावे शेजारी छापली की खोट्यालाही वजन येते, हे मला तेव्हा उमगले नाही. खाली ‘शासनमान्य’ असे लिहून लघुउद्योगांच्या उद्यम नोंदणीचा क्रमांक आणि आयएसओचे चिन्ह दिले होते. उद्यम नोंदणी कोणालाही स्वतःच्या घोषणेवर फुकट मिळते आणि तिचा अभ्यासक्रमाच्या दर्जाशी काडीचाही संबंध नसतो. जाहिरातीवर एवढ्याच आधारावर ‘शासनमान्य’ लिहिलेले दिसले तर तिथेच थांबा.

नावनोंदणीचे ४९९ रुपये भरल्यावर दोन तासांचे प्रात्यक्षिक सत्र होते. ज्या क्षणी मला कळायला हवे होते, तो क्षण याच सत्रात होता आणि त्याची आठवण झाली की आजही मला झोप लागत नाही.

शिकवणाऱ्या सरांनी पडद्यावर एक स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेल दाखवले. एक वर्तुळ (थेट मोजता न येणारी गोष्ट), त्यातून निघालेले तीन बाण आणि प्रत्येक बाणाच्या टोकाला प्रश्नावलीतील एक प्रश्न. खाली निकाल आला, सीएफआय १.०००, आरएमएसईए ०.०००, म्हणजे मॉडेल आकड्यांशी किती जुळते (फिट) हे सांगणाऱ्या दोन्ही मापांवर पैकीच्या पैकी. सर म्हणाले, “हे परफेक्ट मॉडेल आहे. असे फिट तुमच्या प्रबंधात आले तर एक्स्टर्नल एक शब्द विचारणार नाही.” दीडशेच्या वर लोक ऐकत होते आणि बाजूच्या चौकटीत टाळ्यांची चिन्हे धडाधड वर येत होती.

त्याच ओळीत डावीकडे लिहिले होते, डिग्री ऑफ फ्रीडम ०, म्हणजे हाती असलेले आकडे वजा मॉडेलने काढायच्या गोष्टी बरोबर शून्य. मी ते पाहिले. माझ्या वहीत त्या दिवशीच्या पानावर पेन्सिलने केलेला हिशोब अजूनही आहे. तीन प्रश्न असतील तर त्यांची प्रचरणे (उत्तरांतला फरक) आणि सहप्रचरणे (दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र किती बदलतात) मिळून ३ × ४ ÷ २ म्हणजे ६ आकडे हाती असतात, आणि तीन बाणांच्या त्या मॉडेलमध्ये काढायच्या गोष्टीही ६ असतात. दोन बाणांचे भार (तिसऱ्याचा एक धरलेला असतो), तीन प्रश्नांच्या त्रुटी आणि वर्तुळाचे एक प्रचरण. ६ वजा ६ बरोबर शून्य. हाती जेवढे आकडे, तेवढ्याच काढायच्या गोष्टी असतील तर फिट परिपूर्ण येणारच. त्यात मॉडेलची परीक्षाच झालेली नसते. प्रश्नांच्या जागी गावातील तिघांच्या रोजच्या वजनाचे आकडे घातले असते तरी बहुधा सीएफआय १.००० हाच आला असता. हे न कळणारा माणूस चुकून एखादी स्लाइड चुकीची दाखवत नव्हता, त्याला तो विषयच येत नव्हता. मी शून्याच्या शेजारी प्रश्नचिन्ह काढले. मग ते खोडले नाही, पण विचारलेही नाही. एवढे लोक टाळ्या देत आहेत, सर आत्मविश्वासाने बोलत आहेत, आपण तालुक्याच्या गावच्या, आपलेच काहीतरी चुकत असेल, असे मी स्वतःला सांगितले. माझे चुकत नव्हते. माझा हिशोब बरोबर होता आणि तरीही मी त्याच रात्री ७,५०० रुपये भरले, कारण मूळ फी १५,००० असून ‘रात्री बारापर्यंत निम्मी’ असे ग्रुपवर वारंवार येत होते.

पैसे भरताना यूपीआयच्या पडद्यावर संस्थेचे नाव आले नाही, एका व्यक्तीचे नाव आले. पुढे प्रत्येक हप्त्याला वेगळ्या व्यक्तीचे नाव येत गेले. पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर येणारे ते नाव वाचण्यासाठीच असते. पावती मागा, आणि पावतीवर पत्ता व नोंदणी नसेल तर एक रुपयाही देऊ नका.

सत्रे दहा सांगितली होती, प्रत्यक्ष झाली दोन. उरलेल्या आठ दिवशी रेकॉर्डिंग आली आणि ती दुसऱ्याच प्राध्यापकांची, यूट्यूबवर फुकट असलेली, मूळ आवाजावर संगीत घालून केलेली होती. तिसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरच्या ‘विद्यार्थी परवान्या’साठी ३,८०० रुपये मागितले. ड्राइव्हवरची एक लिंक आली, तीत अँटिव्हायरस बंद करण्याच्या सूचना होत्या आणि तो परवाना नसून चोरीची प्रत होती. प्रामाणिकपणाची शपथ लिहून प्रबंध सादर करणाऱ्या माणसाच्या संगणकावर चोरीचे सॉफ्टवेअर, तेही पैसे मोजून घेतलेले, याची मला पैशांपेक्षा जास्त लाज वाटते. आर हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे. मल्टिलेव्हलसाठी त्यात एलएमई-फोर हे पॅकेज आहे आणि स्ट्रक्चरल इक्वेशनसाठी लावान हे पॅकेज आहे. एवढे कोणी आधी सांगितले असते तर त्या लिंकवर मी बोटही ठेवले नसते.

त्यानंतर ‘वैयक्तिक मार्गदर्शना’चे ९,००० रुपये. तुमचा डेटा पाठवा, आम्ही तुमच्यासमोर विश्लेषण करून दाखवू, असे आश्वासन होते. हे पैसे माझ्याकडे नव्हते. आप्पांनी नुकताच कापूस दिला होता आणि व्यापाऱ्याकडून मिळालेल्या पैशांतून त्यांनी पाचशेच्या अठरा नोटा दोनदा मोजून माझ्या हातात ठेवल्या. कशासाठी, हे त्यांनी विचारले नाही. ‘तुझं पुस्तक पुरं होऊ दे’ एवढेच म्हणाले.

तीन आठवड्यांनी बावीस पानांची फाइल आली. पहिल्याच तक्त्यात मुलांची संख्या ३८४ होती. माझी मुले ६१२ आहेत. ३८४ हा आकडा आपल्या क्षेत्रात कोणालाही ओळखू येईल, कारण क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या नमुना किती घ्यावा हे सांगणाऱ्या १९७० च्या तक्त्यात मोठ्या लोकसंख्येपुढे तोच लिहिलेला असतो आणि निम्मे प्रबंध तिथूनच तो उचलतात. नवव्या पानावर ‘ग्राहक समाधान’ असे उपशीर्षक राहून गेले होते. कोणाच्या तरी व्यवस्थापनशास्त्राच्या प्रबंधातील तक्ते माझ्या मुलांच्या नावाने मला विकले होते. शाळेचा स्तर कुठेच नव्हता. एकाच शाळेतील मुलांमधले साम्य (शून्य ते एक या मापावर) ०.१५ धरले तरी, शाळेमागे १८ मुले असल्याने, मुलांच्या संख्येला १ + १७ × ०.१५ म्हणजे ३.५५ ने भागावे लागते आणि माझी ६१२ मुले सुमारे १७२ सुट्या मुलांइतकीच माहिती देतात. हे ज्या कोर्सने शिकवायचे, त्याच कोर्सने ते पुसून टाकले. मी विचारणा केली तेव्हा प्रमाणपत्राच्या कुरिअरचे ३५० रुपये आधी भरा, मग बोलू, असे उत्तर आले. मी तेही भरले. प्रमाणपत्र आले आणि दुसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढून टाकले.

४९९, ७,५००, ३,८००, ९,००० आणि ३५०. एकूण २१,१४९ रुपये. याशिवाय माझ्या शब्दावर चार सहकाऱ्यांनी प्रत्येकी ७,९९९ रुपये भरले, त्यांचे ३१,९९६ वेगळे.

आता तक्रारीचे. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे आणि पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला तरच ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. माझे पैसे तीन महिन्यांत तुकड्यातुकड्यांनी गेले होते, त्यामुळे ती वेळ केव्हाच टळली होती. बँकेत गेले तर पिन तुम्हीच टाकला, आमचा संबंध नाही, असे दोन मिनिटांत सांगितले गेले. लेखी उत्तर मागितले ते आजवर मिळालेले नाही. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी हवालदार म्हणाले, “ताई, तुम्ही तं पोरेस्ले शिकाडतस, तुम्ही कशा फसन्यात?” आणि आजूबाजूच्या बाकांवरची माणसे माझ्याकडे पाहू लागली. तिसऱ्या दिवशी साहेब भेटले. तुम्ही कोर्स लावला, त्यांनी कोर्स घेतला, प्रमाणपत्रही दिले, मग फसवणूक कुठे झाली, ही दिवाणी बाब आहे, असे ते म्हणाले. मी बावीस पानांची फाइल पुढे केली, ३८४ आणि ६१२ दाखवले. त्यांनी पान उलटले नाही. चौथ्या खेपेला आरोपीचा पत्ता दुसऱ्या राज्यातील असल्याने आमची हद्द नाही, असे सांगितले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचे कारण न देता माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे, हे मी छापून नेले होते. कायदा आम्हाला शिकवू नका, असे उत्तर मिळाले. जिल्ह्याच्या ठिकाणी जा म्हटले म्हणून तिथे गेले. तिथून पुन्हा तालुक्याला पाठवले. प्रत्येक खेपेला एक दिवसाच्या तासिका गेल्या, म्हणजे फसवणाऱ्यांनी घेतले त्यापलीकडचे पैसे तक्रार करण्यात गेले, आणि हाती पडली फक्त एका अर्जाची पोच.

ज्या ग्रुपवर ती जाहिरात आली, तो संशोधन विभागातील माणसांनीच चालवलेला आहे. तिथे मी लेखी कळवले की निदान सर्वांना सावध करा. ‘विभागाने हा कोर्स मान्य केलेला नव्हता, त्यामुळे जबाबदारी नाही’ असे उत्तर आले. मान्य केला नव्हता तर जाहिरात पुढे का पाठवली, याला उत्तर नाही. वर्षाला शेकडो संशोधकांकडून शुल्क घेणाऱ्यांना एक चांगला दहा दिवसांचा वर्ग इथेच भरवता येत नाही, म्हणून आम्ही या लोकांच्या दारात जातो, हे त्यांना कोणीतरी तोंडावर सांगायला हवे. मी सांगितले. त्यानंतर माझा अर्ज ‘आवक’मध्ये सापडत नाही.

कोर्स घेण्यापूर्वी शिकवणाऱ्याचे त्या पद्धतीवरचे एखादे प्रकाशित काम मागा; नाव शोधून सापडले नाही तर विषय तिथेच संपवा. दिवसागणिक अभ्यासक्रम आणि सरावाचा डेटा आधी मागा. दीडशे माणसांना एकत्र मॉडेलिंग शिकवता येत नाही. तुमचा डेटा, विशेषतः मुलांची नावे असलेला, कोणालाही पाठवू नका. मी नावे काढून पाठवला होता, एवढी एक गोष्ट मी नीट केली. आणि पडद्यावर काही खटकले तर तिथेच, सर्वांसमोर विचारा.

गेल्या रविवारी शिरपूरच्या एका संशोधक मैत्रिणीने मला नवी जाहिरात पाठवून ‘हा कसा आहे?’ असे विचारले. संस्थेचे नाव वेगळे, फी ८,५००, पण नमुन्याची स्लाइड तीच होती. तीन बाण, सीएफआय १.००० आणि डावीकडे शून्य. तिने ४९९ भरले होते, पुढचे भरले नव्हते. मी तिला फोनवरच थांबवले.

आम्ही पाच जणांनी आता ग्राहक आयोगाकडे जायचे ठरवले आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि समान हित असलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. जळगाव, धुळे, नंदुरबारमधील ज्यांनी असे पैसे भरले आहेत, त्यांनी यूपीआयचे व्यवहार क्रमांक, ग्रुपमधील संदेशांचे स्क्रीनशॉट आणि आलेली फाइल जपून ठेवावी, ग्रुपमधून काढून टाकण्याच्या आधीच ते सारे उतरवून घ्यावे आणि मला कळवावे. अर्जाचा मसुदा तयार आहे. सहावे, सातवे नाव त्यात घालायला जागा ठेवली आहे.